अडीच फुटांचा रूळ

मागच्या वेळी आपण गटाच्या दप्तराबद्दल बोललो होतो, त्याच्या आधी शेवयांच्या मशिनबद्दल. आज कॉम्प्युटरवर रेल्वेचा रूळ कसा टाकायचा ते सांगणार आहोत. हसू नका. आम्हीही आधी हसलो होतो, मग चिडलो होतो, आणि मग दोन महिने त्याच्या मागे होतो.

आमचं गाव कुर्डुवाडी आणि बार्शीच्या मधलं. गटाच्या कार्यालयात एक कॉम्प्युटर आहे. त्यात बचतीच्या नोंदी, कर्जाचे हप्ते, दाळ मिलचा हिशोब, सगळं असतं. आमच्या खजिनदार ताईंची धाकटी मुलगी बारावीला, शास्त्र शाखेला. नोंदी भरायला तीच आईला मदत करते. बोटं भराभर चालतात तिची. काम झालं की ती आणि तिची नववीतली चुलत बहीण अर्धा तास तिथंच बसायच्या. आम्हाला वाटायचं, अभ्यासाचं काही बघत असतील. एक दिवस कळलं, पोरी आगगाडीचा खेळ शोधत होत्या.

आणि कळलं ते वाईट रीतीनं. मोठीनं खेळाचं नाव टाकून शोध घेतला, समोर आलं त्यावर गेली, तिथं मोठं हिरवं बटण होतं, ‘डाउनलोड’ लिहिलेलं. तिनं दाबलं. खेळ आलाच नाही, भलतंच काहीतरी आलं. कॉम्प्युटर उघडला की जाहिराती, पाच मिनिटांनी बंद. तालुक्याला नेला तर दुरुस्तीवाल्यानं सगळं पुसून नव्यानं टाकून दिलं. तीन महिन्यांच्या नोंदी गेल्या. वहीत होत्या म्हणून वाचलो. वहीवरून परत भरायला आम्हाला दोन दिवस लागले, रात्री जेवणं उरकून बसायचो.

त्या आठवड्याच्या बैठकीत काय झालं असेल ते तुम्हाला सांगायला नको. एक काकू म्हणाल्या, पोरींना कार्यालयाची किल्लीच देऊ नका. खजिनदार ताई तर मुलीचं शिक्षणच थांबवायच्या गोष्टी करायला लागल्या. एवढ्याशा चुकीवरून! मुलगी कोपऱ्यात उभी राहून रडत होती, पण एक वाक्य बोलली. “मी चुकीच्या ठिकाणाहून घेतलं. बरोबर ठिकाण आहे, मला माहीत नव्हतं.”

आम्ही जरा विचार केला. आपल्यातल्या किती जणींनी पहिल्या वेळी बँकेची स्लिप चुकीची भरली होती? त्यावेळी कुणी आपल्याला बँकेत जायचं बंद कर म्हणालं असतं तर? शेवटी असं ठरलं की गुरुवारी दुपारी दोन ते चार कॉम्प्युटर मुलींना द्यायचा, पण तीन अटींवर. गटाच्या नोंदींची नक्कल दर बुधवारी पेनड्राइव्हवर घ्यायची आणि तो अध्यक्षबाईंच्या कपाटात राहील. मुलींसाठी कॉम्प्युटरवर वेगळं खातं करायचं, त्या खात्यातून गटाच्या फाईली दिसणारही नाहीत आणि पासवर्डशिवाय नवीन काही बसवताही येणार नाही. आणि काहीही बसवायचं असेल तेव्हा आमच्यापैकी एक जण शेजारी बसेल. त्या अटीमुळं आम्ही शेजारी बसलो, आणि तिथून ही गोष्ट सुरू झाली.

खेळाचं नाव ओपनटीटीडी. 1994 मध्ये ख्रिस सॉयर नावाच्या स्कॉटिश माणसानं ‘ट्रान्सपोर्ट टायकून’ हा खेळ बनवला होता. वाहतुकीची कंपनी चालवायची, रूळ टाकायचे, गाड्या घ्यायच्या, माल न्यायचा, असा. पुढं 2004 पासून हौशी लोकांनी तोच खेळ नव्यानं लिहायला घेतला आणि सगळ्यांना फुकट खुला केला. आजही जगभरातले लोक तो बिनपगारी सुधारतात. आमच्यासारख्या जुन्या कॉम्प्युटरवर चालतो. पैसे मागत नाही, फोन नंबर मागत नाही, ओटीपी मागत नाही. हे मुद्दाम सांगतोय. फुकटचा खेळ बसवताना कुणी ओटीपी मागितला तर तिथंच उठायचं.

खेळ त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घेतला. नाव अक्षर न् अक्षर तपासून. बसला, उघडला, आणि समोर एक नकाशा. वरून बघितल्यासारखा. डोंगर, नदी, गावं, शेतं. बोटभर रूळ, त्यावर मुंगीएवढी गाडी. खरं सांगतो, आम्हालाही गंमत वाटली.

आता अ‍ॅड-ऑन म्हणजे काय ते सांगतो. शिलाई मशिन घेतलं की सरळ टाके येतात. पिको करायचा तर वेगळा पाय लावावा लागतो. मशिन तेच, पाय वेगळा. तसं खेळात मुळात चार तऱ्हेचे रूळ आहेत, साधा, विजेचा, आणि पुढच्या काळातले दोन. आणखी तऱ्हा हव्या असतील तर जोड लावायची. लोकांनी बनवलेल्या अशा शेकडो जोडी आहेत, आणि त्या आणायला बाहेर कुठं भटकावं लागत नाही. खेळाच्या पहिल्या पानावरच एक बटण आहे, त्यातून यादी उघडते, हवी त्यावर खूण करायची, खाली उतरते. हिरव्या बटणाचा धडा शिकल्यावर आम्हाला हे फार आवडलं. दुकानाच्या आतलंच दुकान.

पहिल्या गुरुवारी मुलींनी रुळांचा एक संच उतरवला. नवा खेळ सुरू केला. रूळ काही दिसेनात! पुन्हा उतरवला. तरी नाही. धाकटी रडकुंडीला आली. तास गेला त्यात. मग उमगलं की उतरवणं वेगळं आणि लावणं वेगळं. उतरवलेली जोड नुसती कपाटात पडून राहते. जोडींच्या पानावर दोन याद्या असतात, एक आहे त्यांची, एक चालू असलेल्यांची. पहिल्या यादीतून उचलून दुसरीत टाकायची आणि मग ‘लागू करा’ दाबायचं. किराणा आणून ठेवला म्हणून स्वयंपाक होत नाही, तसंच हे.

दुसरी गोष्ट, चालू खेळात मध्येच जोड घालायची किंवा काढायची नाही. खेळ स्वतःच इशारा देतो. ज्या रुळावर गाडी उभी आहे तोच रूळ यादीतून काढला तर गाडीनं उभं राहायचं कुठं? सगळा खेळ बिघडतो. जोडी आधी ठरवायच्या, खेळ मग सुरू करायचा.

तर तिसऱ्या गुरुवारी रूळ दिसले, गाडी पळाली, आणि मुलींनी कौतुकानं जिजींना बोलावलं. जिजी म्हणजे आमच्या गटातल्या सगळ्यात वयानं मोठ्या सभासद. माहेर कुर्डुवाडीचं. त्यांचे वडील स्टेशनावर हमाली करायचे. मुलींनी नकाशावर गावांना नावं दिली होती, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर, पंढरपूर. मोठी म्हणाली, “जिजी, ही बघा तुमची गाडी.” जिजींनी चष्मा वर केला, वाकून बघितलं आणि म्हणाल्या, “ही कसली आमची गाडी? आमची बारकी होती. हा रूळ मोठा हाय.”

तुमच्यापैकी ज्या साठीच्या पुढच्या आहेत त्यांना जिजी काय म्हणत होत्या ते कळलं असेल. बाकीच्यांसाठी थोडं सांगतो. कुर्डुवाडीवरून मुंबई-सोलापूरचा मोठा रूळ जातो, त्याची रुंदी साडेपाच फूट. कुर्डुवाडी ते बार्शी मात्र 1897 मध्ये वेगळी, छोटी गाडी सुरू झाली, बार्शी लाइट रेल्वे. तिचा रूळ अडीच फूट रुंद. म्हणजे आपल्या घराच्या दाराएवढा. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज अभियंत्यानं तो बांधला. त्याचं म्हणणं असं, की हलका रूळ टाका, पण प्रत्येक चाकजोडीवर सारखाच, पाच टनांचाच भार येईल अशी इंजिनं आणि डबे बनवा, म्हणजे थोड्या पैशात भरपूर माल जाईल. हा माणूस पुढं विमानातून उड्या मारायच्या छत्र्यांच्या मागं लागला, तो वेगळा विषय. ती लाईन 1911 मध्ये लातूरला पोचली आणि दुसऱ्या टोकाला पंढरपूरवरून 1927 मध्ये मिरजेला. सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. आषाढीला त्याच गाडीच्या टपावर बसून माणसं पंढरीला जायची. आता तो रूळ राहिला नाही. 2000 नंतरच्या काळात टप्प्याटप्प्यानं सगळा मोठा झाला.

मुलींनी गाडी बघितलीच नव्हती. त्यांच्या जन्माच्या वेळेला आपल्या बाजूचा छोटा रूळ जात आला होता. जिजींच्या त्या एका वाक्यानं मोठीच्या डोक्यात बसलं की छोटा रूळ आपणच बनवायचा. लोकांनी बनवलेले अरुंद रूळ यादीत होते, ते वापरता आले असते. पण तिला स्वतःचा हवा होता. आम्ही म्हटलं, बघ बाई, जमतंय का.

आता इथं जरा लक्ष द्या, कारण आम्हाला वाटलं होतं त्यापेक्षा हे निराळं निघालं. आम्हाला वाटलं होतं रूळ बनवायचा म्हणजे चित्र काढायचं. चित्र शेवटी येतं. आधी लिहावं लागतं. एक साधी फाईल, नोटपॅडमध्ये. तिची एक ठरलेली भाषा आहे, तिला एनएमएल म्हणतात. आपण गटाचं बायलॉज लिहितो ना, गटाचं नाव काय, सभासद कोण होऊ शकतं, वर्गणी किती, तसंच रुळाचं बायलॉज.

पहिलं, जोडीची स्वतःची ओळख आणि रुळाचं नाव. दोन्हीला चार-चार अक्षरांची खूण असते, जास्त नाही, कमी नाही. रुळाची खूण दुसऱ्या कुणाच्या जोडीतल्या रुळासारखीच निघाली तर खेळ दोन्हींना एकच रूळ समजतो. आमच्या गटात एकाच नावाच्या दोघी आहेत, एकीचा हप्ता दुसरीच्या नावावर पडला होता, ते आठवलं.

मग खर्च. खेळात साध्या रुळाचा बांधायचा खर्च 8 या आकड्यानं धरतात, विजेच्या रुळाचा 12. मोठीनं छोट्या रुळाला 4 लिहिलं, म्हणजे निम्मा. मग वेगाची मर्यादा. ती जिजींना विचारायला गेली. जिजी म्हणाल्या, चालत्या गाडीतून उतरून माणसं लघवीला जाऊन परत चढायची. त्यावरून वेग काढायचा कसा? पोरींनी आपापसात भांडून ताशी 40 किलोमीटर ठरवला. तो आकडा काही रेल्वेच्या दप्तरातला नव्हे, पोरींचाच.

आणि मग ती ओळ, जिच्यावर सगळं अडतं. या रुळावरची गाडी आणखी कुठल्या रुळावर चालेल, त्याची यादी. या यादीत साध्या रुळाची खूण घातली असती तर बार्शीची गाडी थेट मुंबईला गेली असती. मोठीनं आम्हाला विचारलं, “घालू का?” खजिनदार ताई तेव्हा शेजारी होत्या, अजून लेकीशी नीट बोलत नव्हत्या. त्याच म्हणाल्या, “अडीच फुटाची गाडी साडेपाच फुटावर कशी उभी राहील गं? चाकं पोचतील का?” तेवढ्यावर यादीत फक्त स्वतःचीच खूण राहिली.

लिहून झालं. मग ही फाईल खेळाला समजेल अशी करायला एक छोटा प्रोग्राम असतो, त्यातून काढायची. तो प्रोग्राम शाळेतल्या कडक बाईंसारखा. एक अर्धविराम राहिला, तर पुढं जाणार नाही. महिरपी कंस उघडला आणि मिटला नाही, पुढं जाणार नाही. पण एक चांगलं आहे, कुठल्या ओळीत अडलं तो ओळीचा नंबर सांगतो. आमच्या पहिल्या दिवशी अकरा वेळा अडलं. त्यातली निम्मी वेळ वेगळ्याच कारणानं गेली. नोटपॅडनं फाईलच्या नावाला शेवटी गुपचूप स्वतःची शेपटी लावली होती, त्यामुळं प्रोग्रामला फाईल सापडतच नव्हती. ती शेपटी दिसत नाही, दिसेल असं कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये करावं लागतं. तुमच्याकडं कुणी करणार असेल तर हे आधी बघा.

तयार झालेली फाईल ‘डॉक्युमेंट्स’मधल्या खेळाच्या फोल्डरमध्ये जोडींसाठी जागा असते तिथं ठेवली, खेळाला याद्या पुन्हा तपासायला सांगितलं, आणि यादीत नाव आलं, बार्शी छोटी. रोमन अक्षरांत होतं, पण आलं. रुळांच्या यादीतही दिसायला लागलं. दिसायला मात्र साध्या रुळासारखंच. चित्र दिलं नाही तर खेळ आपलं नेहमीचं चित्र वापरतो.

मुलींनी कुर्डुवाडी ते बार्शी रूळ टाकला, शेड बांधली, गाडी घ्यायला गेल्या, तर शेड रिकामी. एकही इंजिन नाही. पुन्हा रडारड! विचार केल्यावर कळलं, खेळातली सगळी इंजिनं मोठ्या रुळाची. आपण आपला रूळ वेगळा केला, आता त्यावर बसणारं इंजिनही आपणच द्यायला हवं. कॅलथ्रॉपलाही तेच करावं लागलं होतं, इंजिनं आणि डबे वेगळे घडवावे लागले. मग त्याच फाईलमध्ये एक इंजिन, एक मक्याची वाघीण आणि एक पाण्याची वाघीण अशा तीन नोंदी वाढवल्या. त्यांची चित्रं खेळातल्याच गाड्यांची ठेवली.

रुळाचं चित्र धाकटीनं केलं. तिचा हात चांगला आहे, रांगोळीत तालुक्याला नंबर आलेला. जमिनीचा एक चौकोन या खेळात हिऱ्याच्या आकाराचा दिसतो, 64 ठिपके रुंद आणि 31 ठिपके उंच. एवढ्याशा जागेत रूळ बसवायचे. उभा, आडवा, कोपऱ्यातला, चढावरचा, प्रत्येकाचं चित्र वेगळं. ठिपक्यांची रांगोळीच ती. तिनं खेळाबरोबर मिळणारी मोकळ्या परवान्याची चित्रं घेतली आणि दोन्ही रूळ एकेक ठिपका आत सरकवले. दुसऱ्याचं चित्र घेताना त्याचा परवाना काय म्हणतो ते आधी वाचावं लागतं. या चित्रांचा परवाना सांगतो, घ्या, बदला, पण तुम्हीही पुढच्याला याच अटीवर द्या. आम्हाला ती अट आवडली. रंगांचीही ठरलेली पेटी आहे, 256 रंगांची. आधी तिनं दुसरीकडं रंगवून आणलं तर कडक बाईंनी परत पाठवलं.

दोन एक महिन्यांनी, एका गुरुवारी, छोट्या रुळावरून छोटी गाडी बार्शीहून मका घेऊन निघाली आणि कुर्डुवाडीला आली. तिथं मोठ्या रुळाचा फलाट शेजारीच, एकाच स्टेशनात. गाडीला आज्ञा दिली होती, माल इथं उतरव आणि रिकामी परत जा. मोठ्या गाडीला आज्ञा होती, पूर्ण भरेपर्यंत थांब. मका या फलाटावरून त्या गाडीत गेला. डोळ्याचं पातं लवायच्या आत. कुणी उचलला नाही, कुणी वाहिला नाही. नुसता आकडा इकडचा तिकडं झाला.

जिजी बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, “आमच्या आण्णांच्या पाठीला घट्टे पडले होते.” त्यांनी सांगितलं ते आम्ही तसंच सांगतो. लातूरकडून शेंगा, डाळ, कापूस छोट्या गाडीतून यायचं. पोतं पाठीवर घ्यायचं, छोट्या वाघिणीतून काढायचं, मोठ्या वाघिणीत टाकायचं. मुंबईकडून आलेलं उलटं. पावसात पोतं भिजलं की वजन वाढायचं, मजुरी तेवढीच. घरी आल्यावर आई त्यांच्या पाठीला तेल लावायची. मुली गप्प बसून ऐकत होत्या. मोठीनं फाईलमधली ती एक ओळ, गाडी आणखी कुठल्या रुळावर चालेल त्याची, उघडून आम्हाला परत दाखवली. “त्या ओळीमुळं,” एवढंच म्हणाली.

खेळात त्या हमालांना जागा नाही, ही आम्हाला मोठी उणीव वाटते. जगभरातले एवढे हुशार लोक एवढी वर्षं तो खेळ सुधारताहेत, पण मालाला पाठ लागते हे त्यात कुठं दिसत नाही.

आता पाण्याच्या वाघिणीचं सांगतो. या खेळात एक उष्ण मुलखाचा नकाशा आहे. त्यात वाळवंटात जी गावं असतात तिथं पाण्याची टाकी उभी राहते, आणि बाहेरून अन्न आणि पाणी दोन्ही आल्याशिवाय गाव वाढत नाही. पोरींनी लातूर वाळवंटात ठेवलं. पाण्याचा साठा मिरजेला. खेळात पाण्याचा साठाही वाळवंटातच उभारता येतो, म्हणून मिरजेचा हिरवा मुलूखही वाळूनं रंगवावा लागला, कृष्णाकाठच्या पाहुण्यांनी माफ करावं.

हे त्यांनी कुठून आणलं ते आम्हाला लगेच कळलं. एप्रिल 2016. लातूरला प्यायला पाणी नव्हतं, आणि मिरजेहून रेल्वेनं पाणी निघालं. पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, उस्मानाबाद करत लातूर. आपल्या दारावरून. पहिल्या गाडीला 10 वाघिणी, एकेकीत सुमारे 50 हजार लिटर, म्हणजे 5 लाख लिटर. पुढं 50 वाघिणींची गाडी, 25 लाख लिटर. गाडी जाताना आम्ही शेतातून उभ्या राहून बघितलेली आहे. आपल्या विहिरीलाही तेव्हा पाणी नव्हतं, आणि समोरून ते पाणी पुढं जात होतं. त्यावेळी जे वाटलं होतं ते इथं बोलत नाही.

मुलींनी आधी आपल्या छोट्या रुळावरून पाणी नेलं. छोट्या वाघिणी, 40 चा वेग. खेळात थोडं पाणी पोचलं तरी गाव वाढायला लागतं, घरांवर घरं उभी राहतात. काकू, त्याच, किल्ली देऊ नका म्हणणाऱ्या, मागं उभ्या होत्या. म्हणाल्या, “एका टँकरनं कुठं भागतं गाव? खोटा आहे तुमचा खेळ.” आणि पाणी पोचलं की खेळात कंपनीला पैसे मिळतात, त्यावरही त्या चिडल्या. तहानलेल्याकडून कसले पैसे घेता! दोन्ही बाबतीत आम्ही काकूंच्या बाजूच्या.

मग बैठकीतच हिशोब मांडला. माणशी 20 लिटर धरलं तर 25 लाख लिटर म्हणजे सव्वा लाख माणसांचं एका दिवसाचं पाणी. लातूर शहराची वस्ती 2011 च्या जनगणनेत 3 लाख 80 हजारांच्या पुढं. म्हणजे पन्नास वाघिणींची गाडीसुद्धा तिघांत एकालाच पुरती. आणि त्या वाघिणी आणल्या होत्या राजस्थानातल्या कोट्याहून, धुऊन, मोठ्या रुळाच्या. मोठीनं खेळात तेच करून दाखवलं. मोठ्या रुळाची पाण्याची गाडी आपल्या छोट्या रुळाच्या तोंडाशी आणली. गाडी पुढं जाईना. रूळ डोळ्याला जोडलेला दिसतोय, पण गाडीसाठी तिथं रस्ताच नाही. आपला रूळ रुंद झाला नसता तर 2016 ला त्या वाघिणींनाही तिथंच थांबावं लागलं असतं.

छोटी गाडी गेली म्हणून आम्ही हळहळायचो, जिजी तर फारच. त्या दिवशी जिजी म्हणाल्या, “गेली ते बरंच झालं म्हणायचं की काय?” आम्हाला उत्तर देता आलं नाही.

खेळात रूळ मोठा करायला एक हत्यार आहे. छोट्या गाड्या सगळ्या शेडमध्ये नेऊन विकायच्या, कारण रुळावर किंवा शेडमध्ये गाडी असेल तर तिथला रूळ बदलत नाही. मग लातूरपासून ओढत मिरजेपर्यंत आणायचं. स्टेशन, शेड, सगळं क्षणात मोठं. मोठीनं गाड्या विकायच्या आधी खेळ एका वेगळ्या नावानं साठवून ठेवला. छोटी गाडी त्यात अजून चालते.

खर्चाचं विचारलं जातं म्हणून सांगतो. खेळ फुकट, जोडी फुकट, एनएमएलचा प्रोग्रामही फुकट. नेटचा खर्च उतरवण्यापुरता, एकदा उतरवलं की खेळ नेटशिवाय चालतो. वीजबिलासाठी आम्ही मुलींकडून तासाला पाच रुपये घेतो, वहीत नोंद करून. काकूंचं अजून मत आहे की खेळ तो खेळच, आणि परीक्षेच्या महिन्यात गुरुवार बंद ठेवावा. ते आम्ही मान्य केलं आहे. खजिनदार ताईंनी मात्र मुलीला बार्शीच्या कॉलेजात कॉम्प्युटर घ्यायला सांगितलंय, फॉर्म त्यांनीच आणला. आता आणखी चार मुली यायला लागल्यात, म्हणून नंबर लावावे लागतात.

धाकटीनं परवा कुर्डुवाडीचा जुना फलाट काढायला घेतला. जिजींनी बघून सांगितलं, चहाचं दुकान उलट्या बाजूला आलंय. ते येत्या गुरुवारी दुरुस्त करायचंय. नमस्कार.